सुतपाच्या घरातली शिट्टी

कानात आवाज येतो असं सांगितलं की लोक आधी तुमच्या कानाकडे बघतात आणि मग हळूच तुमच्या डोक्याकडे. माझ्या दोन्हीकडे बघून झालेलं आहे. म्हणूनच हे लिहायला बसले. हेडफोन लावल्यावर ज्यांना बारीक शिट्टी ऐकू येते आणि जी शेजारी बसलेल्याला येत नाही, त्यांना एवढं तरी कळावं की ते एकटे नाहीत आणि वेडे तर मुळीच नाहीत. आणखी एक. ती शिट्टी दुसऱ्या कुणाच्या नावावर लिहिण्याआधी स्वतःचे कान तपासून घ्यावेत. मी ते केलं नाही. त्यामुळे काय झालं, ते सगळं सांगते.

मी वृषाली. वय सत्तेचाळीस. माहेर सांगलीचं, सासर पुण्याचं आणि मुक्काम गेली चार वर्षं कोलकाता. नवरा अजित सरकारी बँकेत अधिकारी आहे आणि बँकेला वाटलं की त्याची कोलकात्यात फार गरज आहे. कोलकात्याला तसं अजून वाटलेलं दिसत नाही. मुलगी सई पंधरा वर्षांची. ती शाळेत बंगाली बोलते, मैत्रिणींशी बंगाली बोलते आणि आमच्याशी जे बोलते त्याला आम्ही प्रेमाने मराठी म्हणतो.

माझं काम ऐकायचं

एस्प्लनेडजवळच्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या कंपनीचं ऑफिस आहे. लोकांचे फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन बिघडले की ते फोन करतात, तो फोन आमच्या कंपनीत येतो. फोन घेणाऱ्या मुली बहुतेक घरूनच काम करतात. त्यांचे रेकॉर्ड झालेले कॉल ऐकायचे आणि मार्क द्यायचे, हे माझं काम. हिंदी कॉल माझ्याकडे. नमस्कार केला का, नाव विचारलं का, आवाज चढवला का, असे रकाने भरायचे. शेवटचा रकाना 'मागचा आवाज'. म्हणजे कॉल चालू असताना घरात कुकर, टीव्ही, सासू वगैरे वाजत होतं का.

दिवसाचे सहा तास कानावर हेडफोन. जाता-येता मेट्रोत पुन्हा हेडफोन, आणि मेट्रोचा खडखडाट मोठा म्हणून आवाज त्याहून मोठा. संध्याकाळी स्वयंपाक करताना पुन्हा तेच. आईचा सांगलीहून फोन, बहिणीचा फोन, मराठी गप्पांचे कार्यक्रम, जुनी नाटकं. या शहरात मला मराठी ऐकायला मिळायची ती तेवढीच. दारावरचा भाजीवाला बंगाली, डॉक्टर बंगाली, लिफ्टमधला अबोला सुद्धा बंगाली. हेडफोन लावले की मी सांगलीत जायची. एकदा सई म्हणाली, "आई, तू घरी कधी येणार?" मी तिच्यासमोर पोळ्या लाटत होते.

ऐकण्याच्या बाबतीत मला स्वतःचा गर्व होता, हे कबूल करायला हवं. इतरांना जे ऐकू येत नाही ते मला येतं, असं ऑफिसात म्हणायचे. मीही म्हणायचे.

शिट्टी सापडते

माझ्या यादीत नऊ मुली होत्या, नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. सगळ्यात शेवटचं नाव सुतपा. त्यामुळे तिचे कॉल रोज माझ्याकडे संध्याकाळी पाचच्या पुढे यायचे. सुतपा शहराबाहेर, गाडीने तासभर लांब, बजबजला राहते. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज ओळखीचा झाला होता. हळू, नरम, वाक्यांच्या मध्ये थांबणारा. गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी ती म्हणायची, "जी, हम समझता है, आपको बहुत तकलीफ हुई है." हिंदीतलं पुल्लिंग-स्त्रीलिंग तिला कधी जमलं नाही, पण तिच्याशी बोलल्यावर माणसाचा फ्रिज निम्मा तिथेच दुरुस्त व्हायचा.

ऑक्टोबरातली गोष्ट. सुतपा गिऱ्हाइकाचा पत्ता लिहून घेत होती, मध्ये शांतता होती, आणि त्या शांततेत मला मागे शिट्टी ऐकू आली. बारीक, सरळ, न थांबणारी. मी आवाज वाढवला. शिट्टी होतीच. दुसऱ्या दिवशीही होती. मी रकान्यात लिहिलं, "मागे सतत बारीक शिट्टी. पंखा किंवा किटली असावी. सुधारणा आवश्यक." पाच मार्क कापले आणि काहीतरी शोधल्याचं समाधान घेऊन घरी गेले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा शिट्टी. पुन्हा शेरा. तिसऱ्या आठवड्यात मी लिहिलं, "वारंवार सूचना देऊनही." चौथ्या आठवड्यात तर मी 'वारंवार'च्या खाली रेघ मारली.

गॅस, मफलर आणि माकडटोपी

त्याच महिन्यात एका रविवारी घरी हेडफोन लावून आईशी बोलत होते. फोन कटला. आईचा आवाज गेला आणि कानात चीं चीं राहिली. वाटलं, हेडफोन बिघडला. नवा आणला. त्यातही चीं. सईचा लावला. त्यातही. अजितने स्वतः लावून बघितला आणि बँकेच्या आवाजात जाहीर केलं, "यात काहीही नाही."

"मला येतोय ना!"

"मग हेडफोनमध्ये नाही, वृषाली. तुझ्यात आहे."

सई अभ्यासातून मान वर करून म्हणाली, "आई, तुझी कान खराब झाली?"

'तुझे कान खराब झाले' असं तिला सुधारून सांगायचं, तर ते मलाच मोठ्याने म्हणावं लागलं असतं.

आता तुम्ही विचाराल, की बाई, ऑफिसातली शिट्टी आणि घरातली चीं एकच आहे हे तुला तेव्हाच कसं कळलं नाही? खरं सांगू? ऑफिसातली शिट्टी मी चार वेळा कागदावर लिहिली होती, रेघ मारून. लिहिलेल्या गोष्टीवर माझा विश्वास बसतो. मनात आलं नाही असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. कदाचित मी येऊच दिलं नसेल.

आमच्या खालच्या मजल्यावर एक माशीमा, म्हणजे मावशी, राहतात. वय सत्तरच्या पुढे, सगळ्या इमारतीच्या तब्येतीची जबाबदारी त्यांच्याकडे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि निदान केलं, "गॅस होयेछे."

"माशीमा, कानात?"

"गॅस सब जगह जाता है," त्या शांतपणे म्हणाल्या.

कोलकात्यात चार वर्षं काढल्यावर मला हे माहीत असायला हवं होतं. इथे गुडघा दुखला तरी गॅस आणि परीक्षेत नापास झालं तरी गॅस. दोन दिवस मी ओव्याचं पाणी प्यायले. मग त्यांनी निदान बदललं. थंडी लागली. बाहेर तेव्हा इतकी थंडी होती की आम्ही पंखा दोनवर आणला होता. तरी त्यांनी मला मफलर दिला, आणि मफलरने उतरेना तेव्हा त्यांच्या यजमानांची तपकिरी माकडटोपी दिली. ती कानावरून ओढून बांधल्याबरोबर बाहेरचं जग बंद झालं आणि चीं चौपट झाली. मी टोपी फेकून दिली. कान झाकले की बाहेरचे आवाज अडतात आणि आतला मोकाट सुटतो, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. माकडटोपीने आधीच सांगितलं होतं.

इंटरनेटवरही बघितलं. ते करू नका. मी 'कानात आवाज' लिहिलं आणि चौथ्या पानापर्यंत माझ्या मेंदूत गाठ झाली होती. त्या दिवशी दुपारी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी आईला फोन केला आणि ती कोथिंबिरीचा भाव सांगत असताना मनात एकच विचार होता, हा आवाज मला अजून किती दिवस ऐकू येणार? तिला काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "हॅलो, ऐकू येतंय ना?" आणि मला रडू फुटलं.

बागबाजारचे डॉक्टर

अजितच्या ऑफिसातल्या कुणीतरी बागबाजारच्या एका म्हाताऱ्या कानाच्या डॉक्टरांचं नाव दिलं. औषधाच्या दुकानाच्या मागे लाकडी पार्टिशनची चेंबर, बाहेर बाकावर अकरा माणसं, आणि सगळ्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे कंपाउंडर नाव पुकारत नव्हता, जाऊन खांदा हलवत होता.

डॉक्टरांनी नाव वाचलं, चष्म्यावरून बघितलं. "मराठी?"

"हो."

"बर्गी!" ते खूश झाले. "तुम्हाला माहीत आहे? तुमचे घोडेस्वार लुटायला येतील म्हणून आमच्या पूर्वजांनी इथूनच खंदक खणायला घेतला होता. आणि तुम्ही आज नंबर लावून आलात!"

अजित म्हणाला, "दीड तास बसलो."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले, "आता आम्ही पद्धत बदलली."

त्यांनी माझ्या कानांतून मळ काढला. उजव्यातून जे निघालं ते अजितने इतक्या आदराने पाहिलं की मला लाज वाटली. मी मनात म्हटलं, संपलं. हेच होतं. खुर्चीवरून उठले आणि डॉक्टरांनी विचारलं, "आता?"

आता चीं अगदी स्वच्छ ऐकू येत होती.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. श्रवण तपासणी. मोठ्या हॉस्पिटलात जायचं. "आवाज दोन्ही कानांत आहे, चक्कर नाही, अचानक बहिरेपण नाही. घाबरायचं कारण दिसत नाही," ते म्हणाले. "एकाच कानात असता किंवा एका दिवसात ऐकू येणं गेलं असतं, तर मी तुम्हाला आत्ताच्या आत्ता पाठवलं असतं." हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहिते आहे. तुमचं तसं असेल तर माझा लेख पुढे वाचू नका, डॉक्टरकडे जा.

काचेची खोली

तपासणीची खोली म्हणजे मोठ्या कपाटाएवढी पेटी. जाड दार, आत गादीच्या भिंती, एक खुर्ची, एक छोटी काच. काचेपलीकडे तपासणी करणारी मुलगी बसली होती, नाव तनुश्री. तिने माझ्या हातात बटण दिलं. अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं. मग कानांवर हेडफोन चढवले आणि दार लावलं.

मी सात वेळा बटण दाबलं. दार उघडलं.

"मॅडम, मी अजून सुरू केलेलं नाही."

"मग हे काय वाजतंय?"

"तेच तर शोधायचं आहे," तनुश्री म्हणाली आणि दार पुन्हा लावलं.

त्यानंतरची वीस मिनिटं मी एखाद्या परीक्षेत बसल्यासारखी बसले होते. यंत्राचा आवाज कुठला आणि माझा कुठला, काही कळेना. काचेतून तनुश्रीचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला तर तिने हसून पाठ फिरवली. कॉपी पकडली गेली.

मग तिने वेगळीच तपासणी केली. एकेक सूर वाजवून विचारायला लागली, तुमच्या कानातला आवाज असा आहे का? खालून सुरुवात केली. हा? नाही. हा? याहून बारीक. हा? अजून वर. आणि मग तिने एक सूर लावला आणि मी खुर्चीतून उठले.

"हीच! हीच ती! सुतपाची शिट्टी!"

तनुश्रीने दार उघडून विचारलं, "सुतपा कोण?"

मी खाली बसले. गादीच्या भिंतींमध्ये आपलाच श्वास मोठा ऐकू येतो. दिवसभर शिणलेल्या कानांना, सगळ्यात शेवटी येणाऱ्या तिच्या कॉलमधल्या शांततेत, माझीच शिट्टी ऐकू येत होती. चार शेरे डोळ्यांसमोर आले. 'वारंवार'खालची रेघही आली.

तासाभराने निदान मिळालं. फार वरच्या पट्टीतलं ऐकणं थोडं कमी झालं आहे, बहुधा वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात हेडफोन लावल्यामुळे. जे ऐकू येत नाही त्याची भरपाई मेंदू स्वतः आवाज काढून करतो. त्यावर गोळी नाही. गाठ नाही. बहिरेपण येणार असं काही नाही. काही महिने हेडफोन बंद, अगदी शांत खोलीत बसायचं नाही, मागे हलका पंखा किंवा रेडिओ असू द्यायचा, आणि हळूहळू मेंदू त्या आवाजाकडे लक्ष देणं सोडतो. "सवय होते," तनुश्री म्हणाली.

अजितने इतका वेळ धरून ठेवलेला प्रश्न विचारला. "म्हणजे मी घरात बोलतो ते हिला ऐकू येत नाही, त्याचं कारण हेच ना?"

तनुश्रीने कागद पाहिला. "नाही सर. पुरुषांचा आवाज खालच्या पट्टीत असतो. तिथे मॅडमचं ऐकणं उत्तम आहे."

"उत्तम म्हणजे?"

"म्हणजे तुमचं सगळं ऐकू येतं."

परत येताना टॅक्सीत अजितने लग्नाची वर्षं मोजली. मग म्हणाला, "अठरा वर्षं?"

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

घरातला वाद

गंमत तिथे संपली. संध्याकाळी मी अजितला सुतपाबद्दल सांगितलं. आमच्याकडे नियम असा, की एकाच कारणासाठी लागोपाठ चार शेरे झाले तर घरून काम करायची सवलत बंद. तिची बंद झाली होती. पुढच्या सोमवारपासून तिला रोज बजबजहून एस्प्लनेडला यायला सांगितलं होतं, आणि मागे कधीतरी तिच्याच तोंडून एका कॉलमध्ये ऐकलं होतं की घरी आजारी सासरे आहेत.

"उद्या जाऊन सांगते," मी म्हटलं.

"काय सांगणार? की तुझे कान वाजतात? ऐकायच्या नोकरीत?" अजित उठून उभा राहिला. "शेरे मागे घे. चूक झाली म्हण. कारण लिहू नकोस. पंचवीस वर्षांत मी बँकेत एवढंच शिकलोय, एकदा कागदावर आलं की ते माणसाच्या आधी ऑफिसात पोचतं."

तो चुकीचं बोलत नव्हता. ही नोकरी मला सहज मिळाली नव्हती. दर चार-पाच वर्षांनी गाव बदलणाऱ्या बाईला मध्येच कुठे उभं करत नाहीत. या शहरात माझं स्वतःचं असं तेवढंच होतं. मीही चिडून बोलले, की तुझ्या बदल्यांमुळे माझी प्रत्येक नोकरी पहिलीच असते. तोही काहीतरी बोलला. खालच्या पट्टीत. उत्तम ऐकू आलं.

सई दारात उभी होती. "ती दीदीचा नोकरी गेला?" तिने विचारलं.

कुणी तिचं मराठी सुधारलं नाही. थोड्या वेळाने अजितने रिपोर्टची फाईल माझ्या पर्समध्ये ठेवली आणि म्हणाला, "मूळ प्रत देऊ नकोस. झेरॉक्स दे."

अनिंदिताच्या केबिनमध्ये

आमच्या विभागाची प्रमुख अनिंदिता माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे. मी दार लावून घेतलं तेव्हा तिला वाटलं मी राजीनामा द्यायला आले.

"सुतपाच्या घरी शिट्टी नाही," मी म्हटलं.

"मग कुठे आहे?"

मी दोन्ही कानांकडे बोट दाखवलं.

तिने रिपोर्टची झेरॉक्स वाचली. मग संगणकावर सुतपाचा कॉल काढला, माझ्या रेघवाल्या शेऱ्याचा, आणि उघड्या स्पीकरवर लावला. "जी, हम समझता है, आपको बहुत तकलीफ हुई है." मागे काही नव्हतं. खिडकीखाली एस्प्लनेडच्या बस ओरडत होत्या, तेवढंच. मग तिने हेडफोन लावून तोच कॉल पुन्हा ऐकला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

तिने हेडफोन काढले. मला वाटलं आता ऐकवणार. ती म्हणाली, "वृषालीदी, तुम्ही चार वेळा लिहिलंत. मी चार वेळा सही केली. एकदाही कॉल उघडला नाही."

मग तिने मेल उघडून माझ्याकडे वळवला. सुतपाचा राजीनामा, कालचा. दोन ओळी. रोज येणं जमणार नाही, घरातला आवाज शोधण्याचा खूप प्रयत्न केला, सापडला नाही, क्षमा असावी.

क्षमा असावी.

अनिंदिताने त्याच दिवशी वरच्या ऑफिसला लिहिलं. शेरे रद्द झाले, राजीनामा परत गेला, सवलत पुन्हा सुरू झाली. माझ्याबद्दल काय ते ठरायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत मी रोज ऑफिसात जाऊन टेबल पुसून बसायची. शेवटी मला वाचायचं काम मिळालं. हल्ली संगणक कॉल ऐकून त्याचा मजकूर लिहून काढतो, तो तपासायचा. पहिल्याच दिवशी गीझरची एक तक्रार आली, "मेरा पति गरम नहीं होता." मूळ शब्द 'पानी' होता. मी दुरुस्ती केली आणि मनात म्हटलं, बरं झालं, यंत्राचेही कान वाजतात.

हेडफोन नसताना

पहिला आठवडा वाईट गेला. मेट्रोत हात सारखा पर्सकडे जायचा. आईचा फोन स्पीकरवर घ्यावा लागला, त्यामुळे ती अजितच्या वजनाबद्दल काय बोलते ते अजितला प्रथमच कळलं. चिडचिड इतकी की एकदा मी फ्रिजला गप्प बस म्हटलं.

पण काही चांगलंही झालं. सई माझ्या शेजारी बसून बोलायला लागली. चार वर्षं तिला वाटायचं आईच्या कानात कुणीतरी आहे, म्हणून ती बोलतच नव्हती. आता ती तिच्या मराठीत शाळेतलं सगळं सांगते, लिंग-वचनाची पर्वा न करता. आईच्या फोनमध्येही घुसते. आजी पलीकडून सुधारत राहते आणि दोघी हसतात. माशीमांनी माझ्यासाठी त्यांचा छोटा रेडिओ आणून दिला, झोपताना हळू लावायला. "गॅसवर पण चांगला," म्हणाल्या.

चीं अजून आहे. कुणी विचारलं की येते, नाहीतर दिवसातला बराच वेळ नसते. तुमचंही असंच होईल, असं ठामपणे सांगता येणार नाही, पण पहिल्या महिन्यात जेवढी भीती वाटते तेवढी पुढे वाटत नाही, हे मी लिहून देते. कारणासकट.

बजबज

सुतपाला मी फोन केला होता. सगळं सांगितलं. मग तिने त्या नरम आवाजात विचारलं, "दीदी, तो वो बाबा का छाती नहीं था?"

"कोण बाबा?"

बाबा म्हणजे तिचे सासरे. दम्याचे. झोपले की त्यांच्या छातीतून शिट्टी वाजते. माझा पहिला शेरा आल्यावर घरच्यांनी पंखा बंद करून पाहिला, नळ बदलला, किटली शेजारी दिली. दुसऱ्या शेऱ्यानंतर सगळ्यांच्या नजरा म्हाताऱ्यावर वळल्या. सहा आठवडे, सुतपाची ड्युटी सुरू झाली की सासऱ्यांना खुर्चीसकट बाहेरच्या ओट्यावर नेऊन बसवायचे. गळ्यात मफलर, मांडीवर चादर.

शनिवारी मी रव्याचे लाडू केले आणि सियालदहहून बजबजची गाडी धरली.

नदीच्या बाजूला, ज्यूटच्या गिरणीच्या मागची गल्ली. सुतपा दारात उभी होती, आवाजावरून वाटायची त्यापेक्षा उंच आणि ठसठशीत. बाबा ओट्यावरच होते. मी वाकून नमस्कार केला आणि पाठ करून आणलेल्या बंगालीत माफी मागितली. त्यांनी हात कानामागे नेला. सुतपाने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, ज्या बाईने उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकावर आवाज चढवला नव्हता तिने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "शिट्टी तुमच्या छातीत नव्हती! या दीदींच्या कानात होती!"

समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं माझ्याकडे बघायला लागली.

बाबा काही रागावले नाहीत. उलट आता ते आत यायलाच तयार नाहीत, सुतपा म्हणाली. ओट्यावर त्यांना जुने सोबती भेटतात, चहा मिळतो, नदीवरची तेलाची जहाजं दिसतात. घरात काय होतं, भिंत.

त्यांनी मला शेजारी बसवलं. गिरणीत मागावर होते, आयुष्यभर. सुतपा मध्ये बसून इकडचं तिकडे ओरडत होती.

"तुझ्या कानात काय वाजतं?"

"शिट्टी."

"एकच?"

"एकच. बारीक."

त्यांनी हाताने ती उडवून लावली. "माझ्या कानात अख्खी मिल चालते. माग, पट्टे, सगळं. नोकरी सुटली, मिल नाही सुटली."

सुतपा माझ्याकडे बघायला लागली. "बाबांनी हे आम्हाला कधी सांगितलं नाही."

"कुणी विचारलं?" बाबा म्हणाले. बाकीचं ऐकू येत नव्हतं, हे नेमकं आलं.

मी तिला तनुश्रीचा पत्ता दिला आणि पुढच्या आठवड्यात दोघींनी त्यांना घेऊन जायचं ठरवलं. बाबा तोवर दुसरा लाडू संपवत होते. हात पुसून त्यांनी विचारलं, "तुझी डॉक्टरीण काय म्हणाली? जाईल का हा आवाज?"

"जाणार नाही बहुतेक," मी म्हटलं. "पण हळूहळू सवय होईल, म्हणाली."

सुतपाने ते त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. बाबांनी डोळे मिटून विचार केला आणि मान हलवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मला तीस वर्षं झाली. आता होईलच."